आगीची इर्जिक : अमेरिकेतल्या कुरणवाल्यांनी जाळणं पुन्हा कसं शिकून घेतलं



फाल्गुन लागला की रात्री समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसायला लागते. वणवा. कोणी लावला ते कळत नाही आणि विझवायला कोणी जायचं तेही ठरलेलं नसतं. त्यामुळं आग म्हटलं की आपल्याला नुकसानच आठवतं. आज जरा उलटी गोष्ट सांगतो. एका मुलखात शेतकरीच एकत्र येतात, दिवस ठरवतात, वारा बघतात आणि कुरण पेटवतात. हा मुलूख म्हणजे अमेरिकेचा मधला गवताळ पट्टा. उत्तरेला नेब्रास्का, मग कॅन्सस, ओक्लाहोमा आणि खाली टेक्सास.

या पट्ट्यात गवत टिकलं ते आगीमुळं. वीज पडून कुरणं पेटायची आणि तिथले मूळ रहिवासी स्वतःही जाळायचे. जळल्या जागी कोवळं गवत फुटलं की गवे तिकडं वळायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गवताचा जीव जमिनीखाली असतो, मुळात आणि कोंबात. वरचं वाळलेलं जळालं तरी ते परत फुटतं. झुडपाचं रोपटं मात्र मरतं.

मग गोरे वसाहतवाले आले, कुंपणं पडली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानाच्या जंगलात भयंकर वणवा लागला. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळालं, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्या धक्क्यातून सरकारचं धोरण कडक होत गेलं. १९३५ साली वनखात्यानं नियमच केला, की लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आली पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेलं अस्वल पोस्टरवरून पोरांना आगीपासून सावध करू लागलं. दोन-तीन पिढ्यांत आग म्हणजे गुन्हा, हे मनात ठसलं. जाळायचं कसं हे माहीत असलेली म्हातारी माणसं गेली आणि ती विद्याही त्यांच्याबरोबर गेली.

याच काळात दुसरी गोष्ट घडली. तीसच्या दशकातल्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत माती उडाली, म्हणून सरकारनं १९३५ ते १९४२ या काळात वारा अडवायला २० कोटींच्या वर झाडं लावून घेतली. त्यात रेड सीडर होतं. ज्युनिपरच्या कुळातलं, सदाहरित, काटक. हेतू चांगला होता. पण त्याची फळं पक्षी खातात आणि बी कुरणभर टाकतात. आग बंद, त्यामुळं रोपं मारणारं कोणी उरलं नाही. सीडर दाट झालं की खाली गवत उगवत नाही. गवत गेलं की गुरं कशावर पोसायची?

टेक्सासच्या एडवर्ड्‌स पठारावर ज्युनिपरच्या दुसऱ्या जाती माजल्या. तिथं अंगोरा शेळ्या होत्या, त्या ज्युनिपरची कोवळी रोपं खायच्या. पण लोकर आणि मोहेरवरचं सरकारी अनुदान बंद करायचा कायदा १९९३ साली झाला, शेळ्या घटल्या आणि झुडपं आणखी वाढली. बुलडोझरनं काढायची तर खर्च परवडेना. आग स्वस्त, पण एकट्यानं लावायची हिंमत कोणाची? माणूसबळ नाही, अवजारं नाहीत, अनुभव नाही. आणि आग कुंपणापलीकडं गेली तर दाव्यात जमीनच जायची.

यावर १९९७ साली तोडगा निघाला. सोनोरा गावाजवळ टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथले बुच टेलर आणि आसपासचे जमीनमालक यांनी मिळून एडवर्ड्‌स प्लॅटो प्रिस्क्राइब्ड बर्निंग असोसिएशन काढली. आपल्याकडं इर्जिक असते ना, आज सगळ्यांचे नांगर तुझ्या रानात, उद्या माझ्या, तेच तत्त्व. आधी दुसऱ्याच्या रानात जाळायला मदतीला जायचं, काम शिकायचं, मग आपल्या रानाची पाळी. पंप, पाण्याच्या टाक्या, वॉकीटॉकी, पेटतं तेल थेंबथेंब सोडणारे टॉर्च, सगळं सामायिक.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण खरं शिकण्यासारखं इथंच आहे.

पहिलं म्हणजे रान राखायचं. चराई थांबवून जाळण्यापुरतं गवत साठू द्यायचं. चरून उजाड केलेल्या रानात आग चालतच नाही.

दुसरं, चारी बाजूंनी पट्टा काढायचा. गवत कापून किंवा माती उघडी करून.

तिसरं, योजना कागदावर लिहायची. वारा किती आणि कुठून, हवेत ओल किती, तापमान किती, कोण कुठं उभं राहणार, कोणाला आधी फोन करायचा. आकडे जुळले नाहीत तर सगळ्यांनी जेवून घरी जायचं.

चौथं, आधी वारा ज्या दिशेला जातो त्या कडेला पेटवायचं. ती आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू मागं सरकते आणि काळा पट्टा रुंद करते. मग बाजू पेटवायच्या. शेवटी वाऱ्याबरोबर धावणारी आग सोडायची, ती त्या काळ्या पट्ट्यावर येऊन विझते.

पाचवं, नंतरची राखण. शेवटचं धुमसणारं लाकूड विझेपर्यंत.

या संघटनांचं लोण पसरलं. टेक्सासनं १९९९ साली कायदा करून जाळणाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि विमा यांची व्यवस्था लावली. २००२ साली नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटच्या आग्नेयेला लोएस कॅनियन्स भागात कुरणवाल्यांची युती झाली. तिथं सीडर इतकं मोठं झालं होतं की साध्या गवताच्या आगीनं मरत नव्हतं. त्यांनी कडेची झाडं तोडून आतल्या झाडांखाली सारली, वाळू दिली आणि मग पेटवली. शेजारी-शेजारी मिळून वर्षानुवर्षं जाळत राहिले, म्हणून सीडरला मोठ्या पट्ट्यावर अडवता आलं. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट कौंटीनंही हीच पद्धत उचलली. मग २०२१ मध्ये त्या राज्यानं कायदा बदलला. प्रशिक्षित माणसानं नियमात राहून जाळलं, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय विझवण्याचा खर्च त्याच्या माथी येत नाही.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर ही नोंद खोटी ठरेल. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत राष्ट्रीय उद्यान खात्यानं ठरवून लावलेली आग निसटली आणि लॉस अलामॉसमधली दोनशेवर घरं गेली. २०२२ साली त्याच राज्यात वनखात्यानं लावलेल्या दोन आगी निसटून एक झाल्या, ३ लाख ४१ हजार एकर जळालं. त्यातली एक तर जानेवारीत पेटवलेल्या लाकडांच्या ढिगांची. वर बर्फ पडलं तरी आत धग राहिली आणि एप्रिलच्या वाऱ्यात ती उठली. म्हणजे खातं मोठं, माणसं शिकलेली, तरी आग कोणाची नातेवाईक नसते.

कोणी विचारील, मग आम्ही पाचट जाळलं तर काय बिघडलं? बिघडतं. कुरणात गवत परत फुटतं आणि झुडूप मरतं, हा तिथला हिशेब आहे. उसाच्या रानात पाचट जळालं की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं, बदल्यात काही मिळत नाही. आणि वनजमिनीत आग लावणं गुन्हाच आहे. ही नोंद वाचून कोणी काडी ओढू नका.

घ्यायचं ते वेगळं. त्यांची मूळ अडचण आणि आपली एकच आहे. आग बांध ओळखत नाही आणि एकटा माणूस तिला पुरत नाही. त्यांनी आग लावायला इर्जिक केली, आपण ती अडवायला करू. होळीच्या आधी एक दिवस ठरवून, वनरक्षकाला बरोबर घेऊन, डोंगराच्या पायथ्याची जाळरेषा सगळ्यांनी मिळून साफ करायची. दहा घरांचे नंबर एका कागदावर लिहायचे.

तुमच्या गावात असं कोणी करत असेल तर सांगा. कधी करता, किती माणसं लागतात, जेवण कोणाकडं असतं, सगळं लिहा.