घोट्याचा व्रण आणि जांघेंतलें मूळ

नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या माळांवर ऊंस उभा राहिला. त्याबरोबर उंसास पाणी देणारा माणूसही तासन्‌तास उभा राहूं लागला. अशा उभ्या कष्टानें कित्येकांच्या पायांच्या शिरा फुगतात, घोट्यापाशीं कातडी काळवंडते व व्रण होतो. मलम घोट्यास लागतें. मूळ मात्र पुष्कळदां जांघेंत असतें.

हें मूळ सांपडावयास शतकें लागलीं. सुश्रुतसंहितेंत श्रमानें होणारी ‘सिराज ग्रंथि’ वर्णिली आहे. १६०३ सालीं पादुआच्या फाब्रिसियसनें शिरांतील झडपा चित्रित केल्या. त्या रक्तास हृदयाकडेच जाऊं देतात, हें त्याचा शिष्य हार्वे यानें १६२८ सालीं दाखविलें. १८९० च्या सुमारास ट्रेंडेलेनबुर्ग हा जर्मन शस्त्रवैद्य रोग्याचा पाय उंच करून शीर रिकामी करी, ती मांडीवर दाबून त्यास उभें करी आणि दाब काढी. शीर वरून एकदम भरली कीं झडप निकामी, हें निदान झालें. मग तीच शीर तो बांधून तोडी.

आज ध्वनिलहरींनीं उलटा प्रवाह पडद्यावर दिसतो. लेसरनें शीर आंतूनच बंद करतां येते. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हें आधीं पाहावेंच लागतें. वाफा फुटला तर पाटाचें वरचें दार तपासावें, हें बागाइतदारास सांगावें लागत नाहीं. पायासही तोच न्याय आहे.