लॉक हॉस्पिटल आणि वेश्यांची नोंदणी

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीविषयक कायद्यांचा इतिहास सांगताना आपण सतीबंदी, विधवाविवाह आणि संमतिवय यांचा उल्लेख करतो. त्याच शतकात वेश्यांविषयीही कायदे झाले. परंतु विषयच अमंगळ मानला गेल्याने आपल्या ग्रंथांतून त्यांना क्वचितच जागा मिळाली.

१८६४ च्या बाविसाव्या कायद्याने छावण्यांत गोऱ्या शिपायांकडे जाणाऱ्या स्त्रियांची नोंदणी सुरू झाली. १८६८ च्या चौदाव्या कायद्याने ती शहरांसही लागू करण्याची सोय केली. पुणे, बेळगाव, महू ही आपल्या परिचयाची गावे अशा छावण्यांचीच होत. नोंदलेल्या स्त्रीस तिकीट मिळे. ठरावीक मुदतीने तिने तपासणीस हजर व्हावे, रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात राहावे. हुकूम मोडल्यास शिक्षा. पलटणीच्या चकल्यावर महालदारीण देखरेख करी.

शिपाई आजारी पडू नये, हा या साऱ्याचा हेतू. शिपायाची अशी तपासणी मात्र त्यास अपमानास्पद म्हणून ब्रिटिश सैन्याने १८५९ मध्येच सोडून दिली होती! शिवाय उपदंशावर खात्रीचा उपायही तेव्हा नव्हता. साल्व्हरसन १९१० मध्ये आले, पेनिसिलिन त्याहून बरेच नंतर. तोवर पारा देत आणि वरची लक्षणे मावळली की स्त्रीस सोडून देत. कोंडणे म्हणजे बरे करणे नव्हे, एवढे तरी डॉक्टरांना कळावयास हवे होते.

मुंबईत हा कायदा १८७० मध्ये अमलात आला. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, खर्चावरून सरकार व नगरपालिका यांच्यात वाद झाला, आणि १८७२ मध्ये तो थांबला. १८८० मध्ये तो पुन्हा आला. पलटणींच्या बाजारांत स्त्रिया पुरेशा संख्येने व आकर्षक असाव्यात, अशा आशयाचे १८८६ चे लष्करी परिपत्रक १८८८ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध होताच जोसेफिन बटलर यांच्या चळवळीस धार आली. पार्लमेंटात निषेधाचा ठराव होऊन त्याच वर्षी कायदा रद्द झाला. छावण्यांतील नियम मात्र वेगळ्या नावांनी पुढेही डोके वर काढीत राहिले.

त्या काळच्या सरकारी अहवालांत रोगी स्त्रियांची मोजदाद सापडते. त्यांचे शब्द सापडत नाहीत. नोंदणीस दिलेली हुलकावणी हीच, माझ्या मते, त्यांची साक्ष होय. आणि घरमालकिणीचे कर्ज, मारहाण, बंद दार या धोक्यांकडे तर कायद्याने पाहिलेच नाही. १९१७ मध्ये मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यातून पळू पाहणाऱ्या स्त्रीस परत आणून हाल करून मारण्यात आले. प्रकरण गाजले, १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला, त्यामागे या खुनाने उठलेली खळबळही होती. खुनाच्या खटल्यात त्याच घरातील स्त्रियांनी साक्षी दिल्या. आपण कसे राहतो, काय सोसतो, हे त्यांचे स्वतःचे सांगणे सरकारी कागदांत उतरले, ते या निमित्ताने.