भिंतीहून मऊ

दिवाळीचा वास म्हटला की बहुतेकांना तळणीचा खमंग वास आठवतो. मला आठवतो तो ओल्या चुन्याचा. वाईच्या पश्चिमेला एका लहानशा गावात आमचे आजोळ. तिथे नवरात्र सरले की मामा बाजारातून चुनकळी आणीत, अंगणातल्या पिंपात टाकीत आणि वर पाणी ओतीत. मग ते थंड पाणी विस्तवावाचून खदखदू लागे. आम्हां मुलांना ओसरीच्या खाली पाऊल टाकायची बंदी असे. दोन दिवसांनी तो चुना निवला, की त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ पडे, आणि घायपाताच्या वाखाचा कुंचा मामांच्या हातात येई. भिंतीवर पहिला हात फिरला की ती काळवंडल्यासारखीच दिसायची; वाळत गेली की पांढरी होत जायची. ते पाहण्यासाठी आम्ही जेवण विसरत असू.

या कामाला कुणी कारागीर बोलावल्याचे मला स्मरत नाही. भुई चोपणे, सारवणे, चुलीला पोतेरे देणे, भिंतीची पडलेली भोके लिंपणे हे बायकांकडे. कौले आणि चुना पुरुषांकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत 'आपले घर आपणच दुरुस्त करा' असे सांगणारी मासिके निघाली, अवजारांची दुकाने वाढली आणि लोकांना तो एक नवा छंद वाटू लागला. आमच्या आजीला हे कुणी सांगितले असते, तर तिने विचारले असते, "म्हणजे एरवी कोण करायचं?"

आजीचा हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. घराची दुरुस्ती घरच्या माणसाला करता येते की नाही, हे त्याच्या हौसेपेक्षा घर कशाचे आहे यावर ठरते. आपल्याकडे गावाच्या शेतीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीला 'पांढरी'. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, त्यांची माती तिथेच मिसळली, आणि तीच पांढुरकी चिकण माती उकरून पुढच्यांनी भिंती घातल्या. पुण्यातल्या कित्येक जुन्या वाड्यांच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्याच. अशा घराला दुरुस्तीचे सामान बाहेरून आणावे लागत नाही. ते पायाखाली असते.

चुन्याची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यात पाणी घातले की ती उकळते आणि विरते. हा विरलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला तोच कर्बवायू हळूहळू पुन्हा ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. मामांच्या कुंच्यातून दर दिवाळीला भिंतीवर दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढत होता, आणि हे त्यांच्या किंवा आमच्या गावी नव्हते.

या घरगुती व्यवस्थेला पहिला मोठा बदल वरून, म्हणजे छपरातून मिळाला. पूर्वी नळीची कौले असत. ती एकमेकांवर नुसती टेकलेली. वारा, मांजरे, वानरे यांनी ती सरकत, आणि म्हणून दर वर्षी मृगाआधी छपरावर चढून ती चाळावी लागत. १८६५ साली बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने मंगळुरात यंत्राच्या साच्यातून कौले काढण्याचा कारखाना काढला. या कौलांना खाचा होत्या. एक दुसऱ्यात अडकून बसे. पश्चिम किनाऱ्याने ती वर आली आणि 'मंगळुरी कौले' हे नाव आपल्या घरात रुळले. रिपांचे अंतर मात्र कौलाच्या मापाने बिनचूक ठेवावे लागे, म्हणून छपरासाठी सुतार आला. पण दर वर्षीची कौलांची चाळणी पुष्कळ कमी झाली, आणि फुटलेले एखादे कौल बदलणे घरच्या माणसाला अजूनही जमे. हा बदल सोयीचाच होता. तेव्हा जुने ते सगळे सोने, असा माझा दावा नाही.

दुसरा बदल सिमेंटचा. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने त्याचे पेटंट घेतले. वाळल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते, म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटले. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाहेर पडू लागले. पण मराठी घरांत सिमेंटविषयी जी श्रद्धा बसली, तिला निदान पुण्यापुरते एक वेगळे कारण आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. नारायण पेठेत आम्ही एका वाड्यात भाड्याने राहत होतो. पाणी चढू लागल्यावर वडिलांनी मला खांद्यावर घेऊन बाहेर काढले. परत आलो तेव्हा वाड्याच्या दोन भिंती उभ्या होत्या. बाकीचा वाडा चिखल होऊन बसला होता. नदीकाठच्या पेठांतून असे कितीतरी मातीचे वाडे त्या दिवशी बसले. त्यानंतर वडील मातीच्या भिंतीजवळ खाटही टाकू देत नसत. "मातीचा भरवसा नाही," असे ते म्हणत, आणि ज्याने तो चिखल पाहिला आहे त्याच्याशी वाद कसा घालायचा? ती भीती मी त्यांच्याकडून वारशात घेतली.

१९८२ साली सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि परमिटावाचून चार पोती मिळू लागली. त्याच्या पुढच्याच दिवाळीत मी आजोळी गेलो तो चार पोती घेऊनच. मला नोकरी लागून थोडी वर्षे झाली होती आणि आजोळासाठी काहीतरी करावे, असे फार वाटत होते. माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खालून ओल येई. तीन-साडेतीन फुटांपर्यंत रंग उडे, लोणा लागे आणि दर वर्षी तेवढा भाग लिंपावा लागे. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिचे वाकणे कायमचे थांबवावे, असे मी ठरवले. थापी, घमेले, ओळंबा सगळे मीच आणले आणि चार दिवसांत माझ्या हाताने त्या भिंतीला छातीइतक्या उंचीचा सिमेंटचा गिलावा केला.

आजी दारात बसून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, मातीला मातीच धरते. ह्याला दगडाचा अंगरखा कशाला?"

मी म्हणालो, "आजी, आता तुला पुन्हा हात लावावा लागायचा नाही."

एका अर्थी ते खरे ठरले. दोन पावसाळे भिंत पोलादासारखी दिसली. तिसऱ्या वर्षी ओल माझ्या गिलाव्याच्या वर दिसू लागली आणि देवळीपर्यंत पोचली. ही देवळी आजोबांनी घर बांधताना भिंतीत ठेवलेली. दिवाळीची पहिली पणती आजी तिथे लावी. श्रावणात एका रात्री गिलावा सबंध पत्र्यासारखा सुटून पडला, आणि त्याच्यामागून भिजल्या कणकेसारखी माती. तिच्याबरोबर देवळीही गेली. मामांचे पत्र आले. त्यात मला दोषाचा एक शब्द नव्हता. म्हणून ते वाचणे अधिक अवघड गेले.

मी गेलो तेव्हा मामांनी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले होते. त्यांनी आधी भिंत हाताने चाचपली. मग मला म्हणाले, "पावनं, वाकळंला ठिगाळ लावताना बाया कोरं मांजरपाट लावत न्हाईत. जुनंच धडपं लावत्यात. ठिगाळ दांडगं झालं, की वाकळ फाटती."

मातीच्या भिंतीत खालून ओल चढतेच. पण ती भिंतीच्या अंगावरून उडूनही जाते. सिमेंटच्या घट्ट गिलाव्याने तिची वाट बंद झाली. ती आत कोंडली, वर चढली, आणि बरोबर आणलेले क्षार तिने वरच्या कोरड्या भागात टाकले. पूर्वी दर वर्षी झडत होता तो वरचा लेप. झडणे हेच त्याचे काम होते. भिंतीऐवजी तो झडत होता. आजीच्या वाकण्याला मी व्यर्थ श्रम समजलो होतो.

गवंडीबाबांनी पडलेलीच माती चाळून घेतली, तिच्यात शेण आणि भाताचा कोंडा घातला, आणि आठ दिवस ती मुरत ठेवली. रोज सकाळी ती तुडवण्याचे काम माझ्याकडे. नवी देवळी मामांनी बसवली. ती थोडी वाकडी झाली. आजीने तीवर सारवणाचा हात स्वतः फिरवला. मी तिला बसायला पाट दिला, थांबवले नाही.

पुढे एका थंडीत मी अजिंठ्याला गेलो. जिथे चित्राचा तुकडा निखळला आहे, तिथे कडेला गिलाव्याचा आतला भाग उघडा पडलेला दिसतो. मी वाकून पाहिले तो मातीत भाताचे तूस होते. माती, तूस, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग! पंधराशे वर्षे टिकलेल्या त्या चित्रांच्या पाठीशी आमच्या माजघराचीच भिंत होती. मग त्यांचा इतिहास वाचला. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश दिले. १९२० ते २२ या काळात निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी सुटते रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा थर दिला. कालांतराने तो पिवळा पडून काळवंडला, आणि ते थर उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. त्या सर्वांचे चित्रांवर प्रेमच होते. हे वाचून माझे मन हलके झाले, असे मात्र नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी राहतो ते घर सिमेंटचे आहे आणि त्याला सिमेंटचीच डागडुजी शोभते. तिथे मी खुशाल थापी चालवतो. आजोळच्या घराला मात्र दर दिवाळीआधी मी चार दिवस देतो. आता मामेभाऊ चुना विरवतो आणि मी खालच्या तीन फुटांची माती लिंपतो. गुडघे दुखतात. गेल्या वर्षी नातवाने विचारले, "आजोबा, हे दर वर्षी पडतं, तर एकदाच पक्कं का नाही करत?"

मी त्याला शेजारी बसवले, त्याच्या हातात मातीचा गोळा दिला आणि वाकड्या देवळीची कड लिंपायला सांगितली. संध्याकाळी पणती त्यानेच लावली.