आईची मिश्री आणि परळची नोंद

महाराष्ट्राचा किनारा सांगताना ‘झाईपासून रेडीपर्यंत’ असं म्हणतात. त्यातलं झाई हे माझं गाव. बोर्डीच्या पुढे, तलासरी तालुक्यात. खाडी ओलांडली की गुजरात. ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या पकडण्यात माझ्या आईचा हात धरेल असं आमच्या आळीत कुणी नव्हतं.

१९९८ साली मी तिला घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. सहा महिने तिच्या गालाच्या आत एक जखम होती, भरतच नव्हती. तपासणी झाली, निदान कळलं. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, ‘‘कर्करोग म्हणतात, त्यातला कर्क म्हणजे काय रे?’’ मी म्हटलं, ‘‘खेकडा.’’ ती त्या दुखऱ्या तोंडानं हसली. म्हणाली, ‘‘मग त्याला काय भ्यायचं?’’

हे नाव फार जुनं. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत या रोगाला खेकड्यावरून नाव पडलं. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून तसं नाव दिलं असावं, असं सांगतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावानं गाठींचं वर्णन आहे. नाव मिळालं, पण कारण मिळालं नाही. कुणी शरीरातल्या पित्ताला दोष दिला, कुणी पूर्वजन्मीच्या पापाला. आमच्या घरी तर रोगाचं नावही दार लोटून घेतलं जाई.

कारणाचा पहिला धागा सापडला तो १७७५ साली, लंडनमध्ये. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की धुराडी साफ करणाऱ्यांना एका विशिष्ट जागी कर्करोग होतो. लहानपणापासून अंगावर बसणारी काजळी हे त्याचं कारण. म्हणजे हा रोग नशिबातूनच येतो असं नाही, तो माणसाच्या कामातून आणि सवयीतूनही येतो.

हाच प्रश्न पुढे मुंबईत विचारला गेला, आणि त्यामागेही एका घरातलं आजारपण होतं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला रुग्णालय उभं राहिलं. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा घेतला आणि १९४४ साली तो प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचं नातं त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं.

आता माझी कबुली. आई तंबाखू खात नसे, ती मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दात-हिरड्यांवर चोळायची. सकाळी, दुपारी, मासळी विकून आल्यावर. तिला तरतरी यायची. आणि ती तंबाखू भाजण्याचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. आईचं काम केलं, याचा मला अभिमान वाटायचा.

तंबाखू भाजली म्हणून तिचं विष जात नाही. तिच्यातली घातक रसायनं तोंडाच्या नाजूक अस्तरातल्या पेशींपर्यंत पोचतात आणि त्यांच्या जनुकांना इजा करतात. पेशीनं कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हा हिशेब जनुकांत असतो. बरीचशी इजा शरीर दुरुस्त करतं. पण रोजची भर पडत राहिली की कधीतरी एखाद्या पेशीचा हिशेब कायमचा बिघडतो. ती थांबायचं विसरते. याला अनेक वर्षं लागतात, म्हणून सवय आणि रोग यांची सांगड घरातल्या माणसाला दिसत नाही.

आईची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. ती तीन वर्षं जगली. पण मला राहून राहून एक गोष्ट खुपते. खानोलकरांचा अभ्यास १९४४ चा. परळ ते झाई हे अंतर गाडीनं काही तासांचं. ते ज्ञान आमच्या चुलीपर्यंत यायला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला. त्या सहा महिन्यांत आम्ही लवंगेचं तेल लावत होतो, दाढेचं दुखणं समजत होतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन, चांगल्या उजेडात लोकांची तोंडं तपासत. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले होते. महागडं यंत्र लागलं नाही. कुणीतरी वेळेवर तोंडात डोकावलं, इतकंच.

म्हणून सांगतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पुरतं उघडेना, तर डॉक्टरांना दाखवा. आमच्या घरातला मिश्रीचा तवा मी मोडीत घातला. पण शेजारणीकडे तो अजून चुलीवर चढतो. वास आला की मी हातात टॉर्च घेऊन जातो आणि म्हणतो, ‘‘मावशी, जरा आ करा बघू.’’ ती शिव्या घालते. पण आ करते.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)