कोळसा संपेल तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण मिलच्या १८४८ च्या ग्रंथापाशी थांबलो होतो. संपत्तीची वाढ थांबली म्हणून माणसाची सुधारणा थांबत नाही, असं मिल म्हणत होता. आज तिथून पुढे जाऊ.

१८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तिशीही न गाठलेल्या अर्थशास्त्रज्ञाचं ‘द कोल क्वेश्चन’ प्रसिद्ध झालं. ब्रिटनमधला कोळशाचा खप तेव्हा वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होता. साडेतीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, नाही का? पण हे चक्रवाढ व्याज आहे: वीस वर्षांत दुप्पट, शंभर वर्षांत तीसपट. खाणी खोल जातील, कोळसा महागेल आणि तो संपण्याच्या कितीतरी आधीच वाढ अडेल, असा त्याचा हिशेब.

लोक म्हणत, यंत्रं सुधारतील, कोळसा कमी लागेल. जेव्हन्सचं उत्तर आपण नीट समजून घेऊ. न्यूकॉमेनचं इंजिन इतकं कोळसाखाऊ होतं की ते बहुतेक खाणीतलं पाणी उपसण्यापुरतंच राहिलं; तिथे कोळसा जवळपास फुकट. वॉटच्या इंजिनाला तेवढ्याच कामाला फार कमी कोळसा लागे, म्हणून तर ते गिरण्यांमध्ये शिरलं. एकेका इंजिनाची काटकसर झाली, देशाचा खप मात्र वाढला. (एलईडी आल्यापासून आपणही गॅलरीतला दिवा रात्रभर ठेवतोच की.)

१८६६ मध्ये खुद्द मिलने पार्लमेंटात या पुस्तकाचा हवाला दिला. कोळसा आहे तोवर राष्ट्रीय कर्ज फेडा, पुढच्यांच्या माथी ते मारू नका, असा त्याचा आग्रह होता. न जन्मलेल्यांचा वाटा असा जमाखर्चात धरला गेला, हे आम्हाला पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं.

जेव्हन्स चुकलाही. खनिज तेलाला त्याने फारसं मोजलं नाही. ब्रिटनचं कोळसा-उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांवर पोचलं आणि पुढे उतरत गेलं. पण दुसरी गोष्ट तेव्हा त्याच्याच काय, कुणाच्याच हिशेबात नव्हती. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल नळीत वायू भरून प्रयोग करत होता. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे त्याने मोजून दाखवलं होतं. सगळ्यांचे डोळे खाणीच्या तळाकडे, धुराड्याच्या वर काय साचतंय तिकडे कुणाचं लक्ष नाही.

२०१५ मध्ये केलिंगली ही ब्रिटनमधली शेवटची मोठी खोल कोळसाखाण बंद झाली, २०२४ मध्ये कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्रही. जमिनीखाली कोळसा अजून शिल्लक आहे.