ध्रुवपद आणि कडवी

गाण्याचा अर्थ नेमका असतो कुठे? शब्दांत, सुरांत, की ऐकणाऱ्याच्या कानांत? एक उदाहरण घेऊ.

१९८४ साली अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ आलं. ध्रुवपदात हेच शब्द पुन्हा पुन्हा, सोबत दणदणीत ड्रम्स. अनेकांना वाटलं, हे देशाभिमानाचं गाणं. त्याच सप्टेंबरात, निवडणुकीच्या प्रचारात, अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. म्हणाले, त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे.

आता कडवी बघा. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, गावात त्याला काम मिळत नाही. यात आशा कुठे आहे?

बरं, सगळा दोष श्रोत्यांचाच, असंही नाही. हेच गाणं स्प्रिंगस्टीनने १९८२मध्ये घरी, एकट्याने गिटारवर मुद्रित केलं होतं. ते पुढे १९९८मध्ये प्रसिद्ध झालं. ते ऐकून कुणी मूठ उंचावणार नाही. म्हणजे वाद्यांनीही अर्थ घडवला ना?

मला विचाराल, तर ध्रुवपदातला अभिमान खोटा नाही. मी इथे जन्मलो, या देशासाठी लढलो, मग मला इथे जागा का नाही? असा तो हक्काचा सवाल आहे. कडवी वगळली, की त्या सवालाची घोषणा होते. प्रचाराला घोषणा चालते, सवाल अडचणीचा ठरतो. अर्थ लावणाऱ्याने मात्र दोन्ही एकत्रच ऐकायला हवं.