तारण, पतन आणि परतीची वाट : मराठी मुलखातील ख्रिस्ती धर्मांतराचा एक उपेक्षित प्रश्न

प्रस्तावना :

ख्रिस्ताचा एकदा स्वीकार केलेल्या मनुष्याचे तारण पुढे त्याच्या हातून निसटू शकते काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. युरोपात त्यावर धर्मसभा भरल्या, पंथ फुटले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र तो पाद्री मंडळींचा अंतर्गत वाद मानून बहुधा बाजूस ठेवला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मराठी मुलखात हा प्रश्न धर्मग्रंथांच्या पानांपेक्षा न्यायालयात आणि ज्ञातिसभेत अधिक धारदारपणे उभा राहिला. त्याचे कारण उघड आहे. येथे त्याच्यासमोर तितकाच कठोर असा दुसरा प्रश्न आधीपासूनच होता : एकदा गेलेली जात परत मिळते काय?

सिद्धान्ताची बाजू :

इंग्रजी धर्मशास्त्रातील कल्पनेसाठी मराठी बायबलात 'तारण' हा शब्द रूढ झाला. 'मोक्ष' हा शब्द हाताशी असूनही तो मागे पडला. मोक्षाच्या कल्पनेत पुनरावृत्ती नाही. जो मुक्त झाला तो परत येत नाही, हे वेदान्त्यांचे गृहीत आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या भागातील वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. 'तारण' या शब्दाला मात्र मराठीत आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे. सावकाराकडे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, ती तारण. ती सोडवून आणता येते आणि बुडूही शकते. हा योगायोग असला तरी आपल्या प्रश्नाच्या संदर्भात बोलका आहे.

बायबलात दोन्ही बाजूंना आधार सापडतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मेंढरांविषयी, त्यांना आपल्या हातातून कोणी हिसकावू शकणार नाही, अशी ग्वाही देतो. उलट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश मिळून जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा कठोर इशारा आहे. १६१८-१९ मधील डॉर्ट येथील धर्मसभेने पहिली बाजू उचलून धरली. १६४६ मध्ये सिद्ध झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात तर 'संतांची चिकाटी' या विषयावर स्वतंत्र प्रकरणच आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने दुसरी बाजू घेतली : विश्वासणारा मनुष्य खरोखर पडू शकतो. श्रीवैष्णव आचार्यांमध्ये झालेला मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर न्यायांचा वाद येथे आठवावा. मांजरी पिलाला स्वतः तोंडात धरून नेते, तेथे पिलाने काही करावयाचे नसते. माकडाच्या पिलाला मात्र आईला घट्ट धरून राहावे लागते. तेंगलै पंथ मांजरीचा, वडगलै पंथ माकडिणीचा. कॅल्विन आणि वेस्ली यांच्यातील अंतर याहून फार निराळे नाही.

मराठी मुलखात आरंभी आलेले दोन मोठे प्रॉटेस्टंट संघ, म्हणजे १८१३ पासूनचे अमेरिकन मराठी मिशन आणि त्यानंतरचे स्कॉटिश मिशन, दोन्ही कॅल्विनच्या परंपरेतील. मेथडिस्ट पंथाचा विल्यम टेलर मुंबईस येऊन प्रचार करू लागला तो १८७१ मध्ये. म्हणजे पहिली जवळजवळ साठ वर्षे येथील धर्मांतरिताला जे शिकविले गेले ते मुख्यतः मार्जारन्यायाचे तत्त्वज्ञान होते. या तत्त्वज्ञानानुसार जो मागे फिरला त्याचे तारण गेले असे म्हणता येत नाही. त्याचे तारण मुळात झालेच नव्हते, असे म्हणावे लागते. तर्क बिनतोड आहे. पण त्यामुळे जिवंतपणी कोणाविषयीही निश्चित बोलणे अवघड होते. व्यवहारात या मंडळ्या जातिभेद पाळणाऱ्या किंवा मूर्तिपूजेकडे वळलेल्या सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवीत आणि पश्चात्तापानंतर पुन्हा आत घेत. प्रवचन मांजरीचे आणि शिस्त माकडिणीची, असा हा प्रकार होता.

१८४३ चे प्रकरण :

या गुंतागुंतीचे सर्वांत स्पष्ट दर्शन शेषाद्री बंधूंच्या प्रकरणात घडते. स्कॉटिश मिशनच्या मुंबईतील शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने अल्पवयीन मुलाचा ताबा पित्याकडे दिला.

येथवर प्रकरण सरळ आहे. खरी अडचण पुढे आली. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता. चर्चच्या दृष्टीने तो ख्रिस्ती झालेलाच नव्हता. मग त्याने गमावण्यासारखे तारण तरी कोठले? पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तेथे जेवला होता. ज्ञातीच्या दृष्टीने तो पतित झाला होता. ज्या सीमेपर्यंत तो चर्चच्या हिशेबाने पोहोचला नव्हता, ती ज्ञातीच्या हिशेबाने त्याने केव्हाच ओलांडली होती. धर्मांतर नेमके कोणत्या क्षणी घडते, याविषयी दोन समाजांची मोजमापे किती भिन्न होती हे यावरून कळते. एकाचे मोजमाप अंतःकरण आणि पाणी यांचे, दुसऱ्याचे अन्नाचे.

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष घेतला. या पक्षाला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. म्लेंच्छांच्या हाती सापडलेल्यांच्या शुद्धीचा विचार देवलस्मृतीत आहे. शिवकालात नेताजी पालकरांना परत घेतल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तरीही मुंबईच्या ब्राह्मणवर्गात तट पडले आणि बाळशास्त्रींना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. १८४६ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख आद्य मराठी पत्रकार म्हणून येतो. या धाडसाला एखादी ओळ मिळाली तर पुष्कळ.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादात सनातनी पक्ष आणि कॅल्विनवादी पक्ष यांची तार्किक रचना विलक्षण सारखी आहे. दोघांच्याही लेखी मूळ स्थिती ही मनुष्याच्या कर्तृत्वाने कमावण्याची गोष्ट नाही. ब्राह्मण्य जन्माने, तारण देवाच्या निवडीने. फरक इतकाच की जात गेली की परत येत नाही असे एक पक्ष म्हणे, आणि तारण कधी जातच नाही असे दुसरा. बाळशास्त्री या दोहोंच्या मध्ये उभे होते. मनुष्य पडतो आणि उठू शकतो, हे त्यांचे म्हणणे.

थोरला भाऊ नारायण मात्र अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिला. दीक्षित पाळक होऊन त्याने १८६० च्या दशकात निजामाच्या राज्यात जालना येथे कार्य सुरू केले. बीड जिल्ह्याच्या उत्तरेस, गोदावरीपलीकडे, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. सर सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळाली. तेथील नवख्रिस्ती प्रामुख्याने मांग आणि तत्सम जातींतील होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न श्रीपतच्या प्रश्नाहून वेगळा होता. ज्यांना गमावण्यासारखी प्रतिष्ठाच गावाने दिली नव्हती, त्यांच्या धर्मांतरावर शास्त्रार्थ कोण करणार? धर्मांतरिताचा वारसाहक्क अबाधित ठेवणारा १८५० चा एकविसावा कायदाही कंपनीच्या मुलखापुरता होता. जालना-बीडचा प्रदेश त्याच्या कक्षेबाहेर.

गोव्यातील निकाल :

कॅथलिक गोव्यात हाच प्रश्न पूर्णतः निराळ्या रीतीने सुटला, किंवा चिघळला. ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये दोन गोष्टी ठरविल्या : प्राणघातक पापाने कृपा गमावली जाते व प्रायश्चित्ताने परत मिळते, पण बाप्तिस्म्याचा आत्म्यावरील ठसा कधीही पुसला जात नाही. म्हणजे तारण गमावता येते, ख्रिस्तीपण सोडता येत नाही. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनचे अधिकारक्षेत्र मुख्यतः या दुसऱ्या विधानावर उभे होते. १७३६ च्या फर्मानाने तुळस लावणे, मिठाशिवाय भात शिजविणे, धोतर-चोळी वापरणे अशा गोष्टींना मनाई केली, ती या ठशाच्या रक्षणासाठी. १८१२ मध्ये ही संस्था बंद झाली. पुढे १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या प्रेरणेने हजारो गावडे शुद्ध होऊन हिंदू धर्मात परतले. त्यांना 'नवहिंदू' म्हणण्यात आले. या 'नव' शब्दात परतलेल्यांना मिळालेल्या स्थानाची मर्यादाही आहे.

चहा आणि पुनर्जन्म :

श्रीपतच्या प्रकरणानंतर अर्धशतकाने, १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींनी चहा घेतला आणि ग्रामण्य उभे राहिले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारक खट्टू झाले. ही कथा सर्वपरिचित आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, त्या मिशनमध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाचे कार्य होते, त्याच संघाच्या आश्रयाने १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता.

रमाबाईंची साक्ष या प्रश्नाला अनपेक्षित वळण देते. वाँटेजच्या उच्चचर्चीय भगिनींच्या मते नवा जन्म बाप्तिस्म्यातच होतो. रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात मात्र बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली आहे. तो त्यांना गवसला १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम यांचे आत्मवृत्त वाचल्यानंतर. हे हॅस्लम स्वतः धर्मगुरू असून आपलेच प्रवचन देताना त्यांचे मनःपरिवर्तन झाले होते. म्हणजे ज्या काळात पुण्यातील सनातन्यांनी रमाबाईंना कायमच्या गेलेल्या मानले, त्याच काळात त्या स्वतःला अजून न पोहोचलेल्या मानीत होत्या. तारण गमावले जाते काय, यापेक्षा ते लाभले हे कोणी व कशावरून ठरवावे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. तो त्यांच्या धर्मगुरूंना पेचात टाकणारा होता.

दाखल्यावरील धर्म :

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे रविवारी उपासनेला जाणारी, पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू मांग किंवा हिंदू महार अशी नोंद असलेली कुटुंबे मराठवाड्यात नवलाची नाहीत. बाहेरून पाहणारा यास लबाडी म्हणून मोकळा होतो. पण त्या घरातील आईबापांपुढे मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील वचन असते, की जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही नाकारीन. आणि त्याच वेळी मुलाची शिष्यवृत्तीही असते. कागदावरची नोंद हे नाकारणे होय काय? तीनदा नाकारूनही पेत्राला पुन्हा जवळ केले गेले, असे उत्तर पाळकाला देता येते. पेत्राने मात्र दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरला नव्हता.

न्यायालयांनी या प्रश्नाला आपली उत्तरे दिली आहेत. १९८४ च्या कैलाश सोनकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतराने जात नष्ट होत नसून तिला ग्रहण लागते आणि परतल्यावर ती पुन्हा प्रकट होते, अशी भूमिका घेतली. बाळशास्त्रींना जे ज्ञातीकडून मिळविताना सायास पडले, ते येथे कायद्याने दिले. २०१५ च्या के. पी. मनू प्रकरणात मात्र ज्ञातीने परत स्वीकारल्याचा पुरावाही मागितला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका महिलेच्या अपिलात याच न्यायालयाने तिचा लहानपणीचा बाप्तिस्मा आणि चर्चमधील नियमित उपस्थिती ग्राह्य धरली, परतल्याचा पुरावा नाही असे ठरविले आणि जातीचा दाखला नाकारला. चर्चच्या नोंदवहीतील ती बाप्तिस्म्याची नोंद कधी काळी तारणाची खूण म्हणून लिहिली गेली होती.